क्षमेच्या हातातली दोरी

“ती दोरी काढा,” बेहेरे म्हणाले.

आमच्या हॉलच्या आढ्याला एक लोखंडी कडी आहे. तिच्यातून खाली सोडलेली सुती दोरी हौसाबाईंनी नुकतीच उजव्या हातात धरली होती. पांढरं नऊवारी लुगडं नेसून त्या लाकडी चौथऱ्यावर उभ्या होत्या आणि मी गुडघ्यावर बसून त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढत होतो. मॉडेल विसाव्याला खाली उतरली की परत नेमकी त्याच जागी उभी राहावी म्हणून ही रेघ ओढतात. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला आयुष्यात जी काही थोडी अचूक कामं करावी लागतात, त्यांतलं हे एक.

“दोरी काढली तर हात राहायचा न्हाई, सायेब,” हौसाबाई म्हणाल्या.

“माणगावकरांच्या चित्रात दोरी आहे का?”

सगळ्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे ‘क्षमा’ होती. सात फुटी तैलचित्र, सोनेरी चौकट. आमच्या यशोमती चित्रशाळेचे पहिले मुख्याध्यापक दत्तारामपंत माणगावकर यांनी ते राणीसाहेबांसाठी काढलं, आणि राणीसाहेबांनी ते राजवाड्यात न लावता शाळेला देऊन टाकलं. पांढऱ्या वस्त्रातली उंच बाई, पायाशी मोडकी तलवार, चेहऱ्यावर रागावण्याची परवानगी नसलेल्या माणसाचं स्मित. उजवा हात कानाच्या उंचीवर, तळवा आपल्याकडे. जा, सोडलं तुला, असा. फक्त त्या हाताची बोटं सरळ नाहीत. किंचित आत वळलेली आहेत. या वळलेल्या बोटांवर एका गृहस्थांनी पीएच.डी. केली आहे. त्यांच्या मते ती ‘करुणेची अपूर्ण मुद्रा’ आहे.

“चित्रात न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “हातात हुती.”

“कुणी सांगितलं?”

“माझ्या आधी हितं तुळसाबाई उभी ऱ्हायची. तिची सासू गंगव्वा. ही भिंतीवरची ती गंगव्वाच की. मास्तरांनी दोरी धराय दिली, हात काढला, दोरी काढली न्हाई. म्हनून तर बोटं तशी हायती.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पीएच.डी.वाले गृहस्थ दुसऱ्या रांगेत होते. ते हसले नाहीत.

बेहेरे मात्र खूश झाले. त्यांनी सभेकडे वळून दोन्ही हात पसरले. “पाहिलंत? शंभर वर्षं आपण एका दोरीला करुणा समजत आलो. मला आज ती दोरी नको आहे. मला नुसता हात हवा आहे. आधार नसलेला. प्राचार्य, काढायला सांगा.”

प्राचार्य इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिडी लावली आणि दोरी काढली.

श्रीरंग बेहेरे आमच्याच शाळेचे विद्यार्थी. इथून मुंबई, मुंबईहून परदेश. तिथे बसून त्यांनी तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली: मानवाकृती मेली. चित्रात आता माणूस काढणं म्हणजे प्रेताला पावडर लावणं. हे वाक्य आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आता चित्रशाळेच्या शताब्दीला, चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात, सगळ्या गावासमोर ते माणूस काढणार होते. माणगावकरांच्या ‘क्षमे’चा आधुनिक अभ्यास. निमंत्रणपत्रिकेवर तसंच छापलं होतं. प्रेत मधल्या काळात जिवंत कसं झालं, हे विचारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. मोठ्या माणसाने मत बदललं की त्याला वळण म्हणतात.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. अधिव्याख्याता, प्रोबेशनवर. दोन वर्षांचं प्रोबेशन संपायला दोन महिने राहिले होते, आणि ते संपेपर्यंत प्राचार्यांच्या विनोदांना हसण्याचा नियम मी कसोशीने पाळत होतो.

आणि हौसाबाई पोवार. वय सत्तेचाळीस. एकोणीस वर्षं त्या आमच्याकडे मॉडेल होत्या. आमच्या गावातल्या प्रत्येक चित्रकाराला, साइनबोर्ड रंगवणाऱ्यापासून ते राज्य पुरस्कारवाल्यापर्यंत, बाईची पाठ कशी असते हे हौसाबाईंच्या पाठीवरून कळलं. कामावर त्या कधी खाडा करायच्या नाहीत. तरी त्या शाळेच्या नोकर नव्हत्या, कारण सरकारी यादीत मॉडेल नावाचं पदच नव्हतं. त्यांची रोजंदारी ‘वस्तुचित्रणाचे साहित्य’ या सदरातून निघायची. म्हणजे केळी, वांगी, झेंडूची फुलं आणि हौसाबाई. त्यातही केळी नंतर मुलं खायची.

त्या वर्षी मात्र एक गोष्ट घडत होती. शिपायाची एक जागा रिकामी झाली होती, आणि हौसाबाईंना त्या जागेवर कायम करावं अशी फाईल इनामदार सरांनी कला संचालकांकडे पाठवली होती. ते संचालक आज पहिल्या रांगेत बसले होते.

“मास्तर,” सकाळी चहा पिताना हौसाबाई मला म्हणाल्या होत्या, “शिपायाचं काम काय असतंय, म्हाईत हाय न्हवं?”

“काय?”

“बसायचं. दाराम्होरं स्टूल घिऊन बसायचं. घंटी वाजली तर उठायचं, न्हाई वाजली तर न्हाई. एकोनीस वरसं उभी हाय मी. गुडघ्यात आता वाळू वाजती. मला त्ये स्टूल पायजे. आनि कुनी बघायचं न्हाई माझ्याकडं. शिपायाकडं कोन बघतंय?”

“होईल की. सरांनी शिफारस केलीय.”

“त्यांनी सांगितलंय मला. म्हनले, हौसाबाई, आज नीट उभ्या ऱ्हावा, सायेब म्होरंच हायेत. जनू मी रोज वाकडी उभी ऱ्हाती.”

तर अशा त्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. दोरीशिवाय. कोपर किंचित वाकवून, तळवा पुढे. मी हातातलं घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं.

आमच्याकडे नियम वीस मिनिटांचा. वीस मिनिटं स्थिती, पाच मिनिटं विसावा. तो माणगावकरांनीच घालून दिलेला, हॉलच्या दारावर अजून रंगवलेला आहे. वेळ पाहणारा शिक्षक ‘विसावा!’ अशी हाक देतो, मॉडेल उतरते, मुलं बोटं मोडतात, कुणीतरी पाणी देतं. हाक ज्याची, जबाबदारी त्याची. त्या दिवशी हाक माझी होती.

बेहेरे सुंदर काम करत होते. हे मला सांगावंच लागेल, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांच्यावर जळत होतो. जळत होतोच, पण ते सुंदर काम करत होते. मोठा कॅनव्हास, कोळशाची कांडी, खांद्यापासून फिरणारा हात. आणि सोबत बोलणं. चित्रकाराने काम करताना बोलू नये असं आम्ही मुलांना शिकवतो, कारण मुलांना दोन्ही जमत नाही. बेहेऱ्यांना दोन्ही जमत होतं.

“क्षमा म्हणजे काय?” ते सभेला विचारत होते. “माणगावकरांना वाटलं, क्षमा म्हणजे शांती. मला वाटतं, क्षमा म्हणजे ताण. हा दंड बघा. हा स्नायू बघा. आधार काढून घेतला की खरं दिसायला लागतं.”

खरं दिसायला लागलंच होतं. बाराव्या मिनिटाला हौसाबाईंच्या मनगटाची शीर उभी राहिली. सोळाव्याला ओठ आत गेले. मुरलेली मॉडेल हलत नाही. ती नजर एका जागी ठेवते आणि आत कुठेतरी जाते. हौसाबाई नेहमी जमिनीकडे पाहायच्या. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन शहाबादी फरशीवर सरकत जातं, ते त्यांचं घड्याळ. एक फरशी म्हणजे वीस मिनिटं. माझं घड्याळ एकदा बंद पडलं होतं तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं, “मास्तर, फरशी संपली, हाका मारा.”

तीन पंचवीस. मी तोंड उघडलं.

बेहेऱ्यांनी न वळता डावा हात वर केला. रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. “आत्ता नाही.”

मी इनामदार सरांकडे पाहिलं. सरांनी पापण्या मिटून मान हलवली. या मान हलवण्याचा अर्थ आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होता: जे चाललंय ते चालू द्या, मी पाहिलेलं नाही.

मी तोंड मिटलं.

तीन तीस. हौसाबाईंचा दंड थरथरायला लागला. बारीक, पाण्याखालच्या गवतासारखा. मागे बसलेल्या मुलींपैकी एकीने, तृतीय वर्षाची शुभदा नाडगौडा म्हणून होती तिने, उभं राहून विचारलं, “सर, रेस्ट नाही का?”

“बसा,” इनामदार म्हणाले.

“पण सर, वीस मिनिटं होऊन गेली.”

“नाडगौडा, पाहुण्यांचा रसभंग होतोय. बसा म्हणतो ना.”

ती बसली. सगळ्या हॉलमध्ये एवढी एकच मुलगी बोलली, आणि ती अजून विद्यार्थिनी होती. नोकरीला लागल्यावर माणूस शहाणा होतो.

तीन पस्तीस. संचालकसाहेबांचा डोळा लागला होता. तीन चाळीस. बेहेरे आता बोलायचे थांबले होते. फक्त कोळशाचा खरखर आवाज. मी घड्याळ धरून उभा होतो, चौथऱ्यापासून चार हातांवर. हौसाबाईंनी एकदा, फक्त एकदा, जमिनीवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. ऊन दुसऱ्या फरशीच्या कडेला पोचलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. मॉडेलने बोलायचं नसतं, आणि संचालक समोर होते, आणि शिपायाला स्टूल असतं.

मी घड्याळात पाहिलं. वास्तविक मला वेळ माहीत होती.

तीन वाजून सेहेचाळीस मिनिटांनी हौसाबाईंनी हात खाली घेतला.

पडला नाही. घेतला. डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरलं आणि एखादं झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा तो हात पोटाशी आणून ठेवला.

“हात!” बेहेरे ओरडले. “बाई, हात!”

“हाय की,” हौसाबाई म्हणाल्या. “माझाच हाय. कुटं जातोय?”

“वर घ्या. फक्त दहा मिनिटं राहिली आहेत.”

“तुमी घ्या वर.”

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी संचालक जागे झाले असते. ते या वाक्यानेच झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना दिसलं ते एवढंच: एक रोजंदारीवरची बाई प्रमुख पाहुण्यांना उलट बोलतेय.

“हौसाबाई!” इनामदार उठले.

“थांबा!” बेहेऱ्यांनी त्यांना अडवलं. त्यांचा आवाज बदलला होता. “कुणी हलू नका. बाई, तशाच. अगदी तशाच राहा. कोपर धरून. माझ्याकडे बघा. असंच. हेच, हेच.”

आणि त्यांनी कपड्याने कॅनव्हासवरचा वर उचललेला हात पुसून टाकला.

हौसाबाई त्यांचं ऐकून तशा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना हलताच येत नव्हतं. कोपर आखडलं होतं, पाय लाकडासारखे झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. बेहेऱ्यांनी ते सगळं सहा मिनिटांत काढलं. खांद्याचा उतार, दाबून धरलेलं कोपर, समोरच्याला जाळून काढणारी नजर. इतक्या खऱ्या रेषा मी त्या हॉलमध्ये पाहिल्या नव्हत्या, नंतरही पाहिल्या नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या वाजत असताना शुभदा नाडगौडा पुढे आली आणि तिने हौसाबाईंना धरून खाली उतरवलं. मी खडूच्या रेघेकडे पाहत होतो. रेघेबाहेर पाऊल पडलं नव्हतं.

ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. ‘क्षमा: एक अभ्यास’. टपाल खात्याच्या दिनदर्शिकेवर नाही, चांगल्या जाड पुस्तकांत छापलेलं असतं. नंतर बेहेऱ्यांनी त्यावर तैलरंग चढवले, पण मुळातला कोळसा तसाच ठेवला. ‘भारतीय चित्रकलेतला नकाराचा हात’ असं त्याला म्हणतात. मुलाखतीत बेहेरे सांगायचे, “पुढे काय करावं सुचत नव्हतं. मग एका क्षणी मी तो हात खाली आणला.”

मी तो हात खाली आणला. हे वाक्य मी वाचलं तेव्हा जेवत होतो. ताट बाजूला सारलं. बायकोने विचारलं, “खारट झालंय का?” मी म्हटलं, “हो.”

पण हे पुढचं. त्या वेळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, इनामदारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. प्राचार्यांनी चहा मागवला की माणसाने खिसा तपासावा.

“पाटणे, कालचं उत्तम झालं. बेहेरे फार खूश आहेत. चित्र शाळेला देणार होते, पण आता स्वतःकडेच ठेवणार म्हणतात. इतकं चांगलं झालंय.”

“हो सर.”

“प्रश्न एवढाच आहे, संचालकसाहेब जाताना विचारून गेले. म्हणाले, बाईने मध्येच काम सोडलं आणि पाहुण्यांना उलट बोलली. अशा व्यक्तीला कायम करायचं? फाईलवर शेरा हवाय त्यांना. वेळ तुमच्याकडे होती. किती मिनिटं झाली होती?”

“एक्केचाळीस.”

इनामदारांनी कप बशीत ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. सहा वर्षं हौसाबाईंना कायम करण्यासाठी खटपट करत होते, हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं जास्त किळसवाणं.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. “ठीक आहे. मग पहिला प्रश्न येतो, विसाव्याची हाक का दिली नाही. हाक द्यायची कुणी?”

“मी. पण तुम्ही मान…”

“मी काय?”

मी चहाचा कप उचलला.

“मान हलवणं हा आदेश नसतो, पाटणे. लेखी काही आहे का? नाही. म्हणजे नियम शाळेने मोडला, आणि शाळेत कुणी, तर प्रोबेशनवरच्या अधिव्याख्यात्याने. माझ्या हातून तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. तुमचा गोपनीय अहवाल याच आठवड्यात जायचाय.” त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “हौसाबाईंचं मी बघेन. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू फाईल. बाई कुठे पळून जात नाहीत. तुम्ही लिहा.”

“घरी जाऊन विचार करून लिहितो, सर.”

“इथेच करा. पेन आहे ना?”

पेन होतं. अहवाल चार ओळींचा झाला. चहा मी पूर्ण प्यायलो, हे मला नीट आठवतं.

नऊ दिवसांनी हौसाबाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दुपारची सुट्टी होती, वर्गात मी एकटाच होतो. त्यांच्या उजव्या कोपराला हळदीचा लेप आणि वर फडकं होतं. पाकीट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं.

“मास्तर, आलं बगा,” त्या म्हणाल्या. “सरकारी शिक्का हाय. बारक्या क्लार्कानं दिलं, म्हनला वाचून घ्या कुनाकडनं. मी म्हटलं, आपलं पाटणे मास्तर हायेत की.”

हौसाबाईंना अक्षर येत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या चित्रशाळेत होत्या, आणि त्यांना पाहून साताठशे लोक पदवीधर झाले होते.

“बसा,” मी म्हटलं.

त्या मुलांच्या बाकावर बसल्या. मी पाकीट फोडलं. आत काय असणार ते मला माहीत होतं. तरी दोनदा मनात वाचलं.

“मोठ्यानं वाचा की.”

“‘श्रीमती हौसाबाई पोवार यांस. आपणांस कळविण्यात येते की, शिपाई पदावर आपणांस सामावून घेण्याबाबतचा प्रस्ताव विचारात घेता येत नाही.’”

त्या फडक्याची गाठ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “फुडं?”

“‘शताब्दी समारंभातील प्रात्यक्षिकाच्या वेळी, नियमाने ठरलेली वीस मिनिटांची मुदत पूर्ण होण्यापूर्वीच, म्हणजे अठराव्या मिनिटास, आपण स्वतःहून काम सोडले, व प्रमुख पाहुण्यांशी उद्धट वर्तन केले. सबब यापुढे आपणांस रोजंदारीवरही बोलावण्यात येऊ नये, अशी सूचना संबंधितांस देण्यात आली आहे.’”

शेवटचं वाक्य मलाही नवीन होतं. पुढच्या वर्षी पुन्हा फाईल पाठवू, असं इनामदार म्हणाले होते.

“कितव्या म्हनला?”

“अठराव्या.”

“अठरा.” त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं. “ऊन दोन फरश्या वलांडून गेलतं, मास्तर. तुमी हुताच की तितं घड्याळ घिऊन. तुमी सांगा त्यास्नी. उद्याच्या उद्या जावा आनि सांगा, अठरा न्हवं म्हनून. संपलं का ह्ये?”

“संपलं,” मी म्हटलं आणि कागदाची घडी घातली.

“न्हाई संपलं.”

“संपलं, हौसाबाई.”

“मास्तर, इतकी वरसं मी हितं उगाच उभी ऱ्हायली व्हय? मला बघून काढनारं पोरगं कुटलं आनि मला न बघता मनानं काढनारं कुटलं, ह्ये मला पाठीमागनं सुदीक कळतंय. मनानं काढाय लागलं की त्येची मान हालत न्हाई. तुमी शेवटाला कागद बघून वाचत हुतासा, आनि ‘संपलं’ म्हनलासा तवा कागदाकडं बघितलंबी न्हाई. खाली अजून काळं हाय. मगापास्नं मला हितनं दिसतंय. वाचा.”

मी घडी उलगडली. बाहेर मुलं कॅरम खेळत होती. सोंगटी गेल्याचा आरडाओरडा चालला होता. ती एक ओळ वाचायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचा डाव संपला असेल.

“‘वेळेची नोंद ठेवणारे अधिव्याख्याता श्री. वि. ग. पाटणे यांचा स्वाक्षरीचा अहवाल यास आधारभूत आहे.’”

“म्हंजी?”

“म्हणजे मी लिहून दिलं.”

“अठरा?”

“अठरा.”

त्या ओरडतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो. ओरडल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. प्रोबेशन, गोपनीय अहवाल, घरी दोन लहान मुलं, सगळं तयार होतं. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घडी घालून कमरेला खोचला, आणि उठताना बाकाला धरलं. गुडघा वाजला. मला ऐकू आला.

“हौसाबाई,” मी म्हटलं, “मला माफ करा.”

त्या दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून वळल्या. ती नजर तुम्हाला कशी सांगू. तुम्ही पुस्तकात पाहिलीच आहे.

“माफी पायजे व्हय?” त्या म्हणाल्या. “मंग हॉलात टांगल्याली हाय की एक बाई. तिचं कामच हाय त्ये. तिच्याम्होरं जावा आनि मागा. मी जित्ती हाय.”

आणि गेल्या. त्यानंतर त्या चित्रशाळेत आल्या नाहीत. बाजारात एकदोनदा दिसल्या. एकदा मीच गल्ली बदलली, एकदा त्यांनी मला पाहिलं आणि कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करत राहिल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी पेढे मागितले. मी आणले.